पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा परवाना: काडतूस अर्जातच ठरतं

‘कोणती काडतुसं घेऊ?’ हा प्रश्न बहुतेक जण शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात पोहोचल्यावर विचारतात. तोवर उशीर झालेला असतो. परवान्यावर ज्या बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं) शस्त्र लिहिलंय त्याच बोअरची काडतुसं मिळतात. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हेही परवान्यावरच असतं. म्हणून अर्ज भरण्याआधी विचार करा.

9 एमएम आणि .38 ही प्रतिबंधित बोअर आहेत, सामान्य नागरिकाने त्यांच्या मागे लागू नये. घरच्या संरक्षणासाठी उरतं ते मुख्यतः .32. इथे एक घोळ नेहमी होतो. .32 रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .32 पिस्तुलाचं (7.65 एमएम) काडतूस वेगळं आहे. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. आकडा सारखा दिसला तरी एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. त्यामुळे अर्जात नुसतं ‘.32’ न लिहिता ‘रिव्हॉल्व्हर’ की ‘पिस्तूल’ हे स्पष्ट लिहा.

नेमबाजी शिकायची असेल तर .22 उत्तम. धक्का कमी, खर्चही कमी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो 25 मीटर पिस्तूल प्रकार .22चाच. आणि शिकायला स्वतःचं शस्त्र लागतच नाही. आधी मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सभासद व्हा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

घरासाठी शस्त्र घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. नेमबाजीच्या रेंजवर सरावात उडवलेली काडतुसंही वर्षाच्या कोट्यातूनच जातात. कोटा तुटपुंजा असेल तर सराव होत नाही, आणि सराव नसलेल्या हातातलं शस्त्र घरच्यांनाच धोक्याचं. सरावासाठी किती लागतील ते अर्जातच कारणासह मागा. घरात जी काडतुसं ठेवणार, त्यातली काही त्याच शस्त्रातून रेंजवर झाडून पाहा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पातळ भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात, हे कधीही विसरू नका.

पात्रता थोडक्यात: वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली असेल, तर ती भोगून 5 वर्षं होईपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही.

अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर, नमुना ए-1 मध्ये. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी परवाना देतात. सोबत 4 फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र (एस-2), शारीरिक-मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला (एस-3). सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एस-1) परवाना हातात पडण्याआधी लागतं. स्वसंरक्षण हे कारण असेल तर धमकीची तक्रार, एफआयआरची प्रत जोडा. खेळाडूंनी क्लबचा आणि स्पर्धेचा दाखला. ‘परिसर असुरक्षित आहे’ एवढ्या एका ओळीवर अर्ज टिकत नाही. कायद्याला सबळ कारण हवं असतं.

पोलिसांचा अहवाल 30 दिवसांत यायला हवा, त्यानंतर निर्णयाला 60 दिवस. नकार आला तर कारणं लेखी मागून घ्या, अपिलासाठी ती लागतात.

परवाना 5 वर्षांचा. खरेदी करताना मूळ परवाना न्या, विक्रेता त्यावर नोंद करतो. काडतुसं तिथेच मोजून तपासा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ असा ठसा असतो. शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हा 2019च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

शस्त्र विकलं किंवा परवानाधारक वारले, की कपाटात मूठभर काडतुसं हमखास उरतात. परवान्याविना एकही काडतूस घरात ठेवता येत नाही. ती लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.