मुलासाठी पहिलं पिस्तूल घेताना

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये आणि मनू भाकरने पिस्तुलात पदक मिळवलं, तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक मुलांना घेऊन आमच्या दुकानात येऊ लागलेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॉइंट टू-टू मिळेल काय?" म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिमीचं, काडतुसावर चालणारं अग्निशस्त्र. २५ मीटरच्या स्पर्धेत ते वापरतात. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते याच प्रकारात. पण त्याला परवाना लागतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात २१ वर्षांची अट आहे. त्याहून लहान मुलांचा सराव नियमांच्या चौकटीत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच होतो. नवशिक्याने सुरुवात करायची ती दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ४.५ मिमीच्या एअर पिस्तुलाने, १० मीटरवर. पिस्तूल हातात कसं धरायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा, हे सगळं त्यावर शिकून होतं. धक्का आणि आवाज कमी, त्यामुळे मूल दचकायला शिकत नाही. दचकण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

आता वजन. नियमाने १० मीटरच्या पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं, पण बाजारातली चांगली पिस्तुलं साधारण एक किलोच्या आसपास असतात. मोठ्या माणसाला ते काहीच वाटत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मात्र ते एका हाताने, कोपर सरळ ठेवून, साठ वेळा उचलायचं असतं. घरीच करून बघा. एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली मुलाच्या हातात द्या आणि हात खांद्याच्या उंचीवर पंधरा सेकंद धरायला सांगा. पाचव्या-सहाव्या वेळी मूल कंबर मागे टाकून पोट पुढे काढत असेल, तर खांदा अजून तयार नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीने दोन महिने व्यायाम करा आणि घ्यायचंच असेल तर मुलांसाठीचं हलकं, आखूड मॉडेल बघा. खांदा दुखावला तर पोरगं खेळच सोडून देतं, हे आम्ही पाहिलंय.

वजनाहूनही महत्त्वाची आमच्या मते ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. याबाबतीत एक चूक आमच्याच हातून झाली आहे. एका मुलीचे वडील उसाचं बिल आल्या आल्या घाईने आले होते. मुलगी शाळेत होती. त्यांनी मुलीच्या हाताचं माप बोटाने दाखवलं आणि आम्ही मध्यम मापाची ग्रिप देऊन टाकली. महिन्याने ती मुलगी आली तेव्हा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत फोड येऊन फुटला होता. बोट ट्रिगरवर नीट पोचावं म्हणून ती मनगट वाकवून धरत होती आणि तिच्या सगळ्या गोळ्या डावीकडे जमत होत्या. ग्रिप लहान मापाची करून दिली, पण वाकडी सवय सुटायला तिला पावसाळाभर झगडावं लागलं. तेव्हापासून मूल समोर असल्याशिवाय आम्ही ग्रिप देत नाही.

माप बघण्याची रीत सोपी आहे. पिस्तूल धरून मुलाने डोळे मिटायचे, हात खाली घ्यायचा, परत वर आणायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली तर ग्रिप हाताची आहे. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिप घासावी किंवा बदलावी लागेल. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर टेकावं आणि बोटाच्या बाजूला लाकूड लागू नये. दोन साइटींमधलं अंतर सुमारे ३२ सेंमी धरलं, तर पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकल्यावर १० मीटरवर गोळी सुमारे ३१ मिमी दूर जाते. लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोल अवघा साडेअकरा मिमी व्यासाचा आहे. म्हणजे एका मिलिमीटरने दहाचे सात होतात.

मूल डावखुरं आहे का, आणि कुठला डोळा जोरकस आहे, हे आधी तपासून घ्या. दोन्ही तळव्यांनी छोटं भोक करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटवा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो जोरकस.

हवेचं तंत्र दोन प्रकारचं. दर गोळीला दांडा दाबून हवा भरायची पिस्तुलं स्वस्त आणि टिकाऊ, पण लहान मुलाचा हात दांड्यावरच दमतो. सिलिंडरवालं महाग, पण मुलासाठी तेच बरं. त्यात हवा साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात. जुनं घेत असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या त्याची मुदत १० वर्षं धरतात. हवेच्या जोडाला घरातलं मशीनचं तेल कधीही लावू नका, इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून खानापूरच्या बाजूला, लाकडी ग्रिप फुगते आणि स्क्रूंना गंज धरतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. खंडेनवमीला हळद-कुंकू पेटीच्या झाकणावर लावा. नळीत कुंकू गेलेली पिस्तुलं आमच्याकडे दुरुस्तीला येतात आणि ते साफ करणं नाजूक काम असतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरुवातीला नको. साधा यांत्रिक ट्रिगर, दाबायला ५०० ग्रॅमचा जोर लागेल असा बसवलेला, नवशिक्याला पुरतो. सिनेमातल्यासारखी काळीभोर दिसणारी स्वस्त एअर पिस्तुलंही नकोत. ट्रिगर जड, नेम सैल, आणि रस्त्यात कुणी पाहिलं तर खरंच समजणार.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तरी ते कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या ठेवून न्या. कोल्हापूरला स्पर्धेला जाताना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी लागली तर बिल आणि क्लबचं ओळखपत्र हाताशी असू द्या. घरी फक्त कोऱ्या भिंतीसमोर, गोळी न घालता सराव करावा. गोळी भरायची ती रेंजवरच, डोळ्यांना चष्मा लावून. गोळ्या शिशाच्या असतात, म्हणून सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नका.

पहिले तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा, असंच आम्ही सांगतो, मग आमची विक्री लांबली तरी चालेल. त्यानंतर मुलाला घेऊन, शक्यतो सकाळी, या. पालकांचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा आणा, बिल त्यांच्याच नावावर होतं. मापाला तासभर लागतो, त्याचे पैसे घेत नाही. वर्षभरात हात वाढला तर ग्रिप पुन्हा घासून देतो.