राष्ट्रीय अस्मिता आणि नागरिकत्वाचे विद्यापीठीय शिक्षण

विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांना आपल्या राष्ट्राची घडण, इतिहास, राज्यघटना आणि नागरिक म्हणून असलेले हक्क व कर्तव्ये यांची जाण यावी, यासाठी दिले जाणारे शिक्षण. कुठे तो सर्व शाखांना सक्तीचा विषय असतो, कुठे इतिहास-राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात मुरलेला असतो, तर कुठे छात्रसेना आणि समाजसेवेच्या योजनांमधून दिला जातो.

याला शालेय नागरिकशास्त्राची पुढची इयत्ता मानण्याची प्रथा आहे, पण ती चुकीची आहे. शाळेतले मूल उद्याचे नागरिक असते, विद्यापीठातला विद्यार्थी बहुधा आजचा मतदार असतो. मतदानाचे वय ब्रिटनने १९६९ च्या कायद्याने आणि अमेरिकेने १९७१ च्या घटनादुरुस्तीने १८ वर आणले. भारतात ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली, तर जपानमध्ये हा बदल २०१६ मध्ये लागू झाला. म्हणजे ज्या सरकारला हा विषय शिकवावासा वाटतो, ते निवडण्यात या विद्यार्थ्याचाही वाटा असतो. दुसरी अडचण विद्यापीठाच्या स्वभावातली आहे. तिथले काम मानून चालण्याचे नव्हे, तपासून पाहण्याचे. अस्मिता मात्र बरीचशी मानण्यावरच उभी असते. फ्रेंच विचारवंत अर्न्येस्त रनां यांनी १८८२ मध्ये पॅरिसच्या सॉरबॉनमधील व्याख्यानात हे रोखठोक मांडले होते : राष्ट्र घडताना काही गोष्टी विसराव्या लागतात, म्हणून इतिहाससंशोधनाची प्रगती राष्ट्रभावनेला अनेकदा धोक्याची ठरते. हे त्यांनी विद्यापीठाच्याच व्यासपीठावरून सांगितले, हे विशेष.

पूर्वपीठिका

आज राज्यसंस्था विद्यापीठांना राष्ट्रीयत्व शिकवा म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रदेशांत नेमके उलटे चित्र होते. बर्लिन फ्रेंच सैन्याच्या ताब्यात असताना तत्त्वज्ञ फिख्ट यांनी १८०७-०८ च्या हिवाळ्यात जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्याने दिली. नव्या शिक्षणातूनच राष्ट्र उभे राहील, हे त्यांचे प्रतिपादन होते. १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे फिख्ट त्याचे पहिले निर्वाचित कुलगुरू झाले. ऑक्टोबर १८१७ मध्ये विविध विद्यापीठांतले विद्यार्थी वार्टबुर्गच्या किल्ल्यावर जमले आणि त्यांनी एकसंध जर्मनीची मागणी केली. तेव्हा जर्मनी नावाचे राज्यच नव्हते. जी राज्ये होती त्यांना ही मागणी राजद्रोहासारखी वाटली. १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबू यांचा खून केला. त्याचे निमित्त करून कार्ल्सबाडचे निर्बंध आले : विद्यार्थी संघटनांवर बंदी, प्राध्यापकांवर पाळत आणि प्रकाशनांवर नियंत्रण. राष्ट्रवाद हा आधी विद्यार्थ्यांचा ध्यास होता, सरकारी अभ्यासक्रम तो पुष्कळ नंतर झाला.

विसाव्या शतकात युद्धांनी पारडे फिरवले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर १९१८ मध्ये सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी युद्धाची कारणे समजावणारा अभ्यासक्रम सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये त्यालाच शांतताकाळाचे रूप दिले आणि आधुनिक संस्कृतीचा परिचय देणारा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. तो आजही तिथे शिकवला जातो. युद्धप्रचारातून निघालेली वाट मूळ ग्रंथांच्या वाचनापर्यंत आणि वादचर्चेपर्यंत गेल्याचे हे विरळ उदाहरण आहे. नागरिकत्व या कल्पनेचा पायाही याच शतकात रुंदावला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी १९४९ मध्ये केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत नागरी, राजकीय आणि सामाजिक असे हक्कांचे तीन थर दाखवले. तेव्हापासून मतदान आणि कर भरणे एवढ्यावर नागरिकत्वाचा धडा संपवणे कठीण झाले, निदान व्हायला हवे होते.

सक्तीचे विषय

तुर्कस्तानात प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांची तत्त्वे आणि क्रांतीचा इतिहास हा विषय प्रत्येक विद्यापीठीय विद्यार्थ्याला घ्यावा लागतो, मग तो वैद्यकशास्त्र शिकणारा असो वा संगीत. क्रांतीच्या इतिहासावरील व्याख्याने १९३० च्या दशकातच सुरू झाली होती. १९८० च्या लष्करी उठावानंतर आलेल्या १९८१ च्या उच्च शिक्षण कायद्याने ही सक्ती पक्की केली. इंडोनेशियात सुहार्तो राजवटीत १९७८ पासून ‘पंचशील’ या राष्ट्रीय तत्त्वप्रणालीचे प्रशिक्षणवर्ग चालत, नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते करावे लागत. १९९८ मध्ये राजवट कोसळली आणि ते वर्ग त्याच वर्षी बंद झाले. विषय मात्र गेला नाही. २०१२ च्या उच्च शिक्षण कायद्याने धर्म, पंचशील, नागरिकत्व आणि इंडोनेशियन भाषा हे चार विषय पुन्हा सक्तीचे केले. चीनमध्ये वैचारिक-राजकीय सिद्धांताचे अभ्यासक्रम सर्व शाखांना आहेत. १९८९ च्या लोकशाहीवादी विद्यार्थी आंदोलनानंतर तर पेकिंग विद्यापीठाच्या नव्या विद्यार्थ्यांना काही वर्षे पहिले वर्षच लष्करी संस्थेत काढावे लागले. हाँगकाँगमध्ये २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने विद्यापीठांतही सुरक्षाविषयक शिक्षणाची तरतूद केली. रशियाने सप्टेंबर २०२३ पासून पहिल्या वर्षाच्या सर्वांसाठी रशियन राज्यसंस्थेची मूलतत्त्वे हा विषय आणला.

ही यादी वाचून सक्ती फक्त एकाधिकारी राजवटींत असते असा समज होईल. तसे नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सरकारी विद्यापीठाची पदवी हवी असेल तर अमेरिकेच्या इतिहासाचे सहा आणि शासनव्यवस्थेचे सहा श्रेयांक मिळवावे लागतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात सर्वांसाठी असलेल्या मूल्यवर्धक अभ्यासक्रमांत भारताची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमाचा समावेश आहे. फरक सक्तीत नाही, इतर दोन गोष्टींत आहे : अभ्यासक्रमात काय शिकवायचे ते कोण ठरवतो, आणि विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत वेगळे मत लिहिले तर काय होते.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर तैवानमध्ये मिळाले. तिथे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांच्या जनतेच्या तीन तत्त्वांवर आधारलेला विषय विद्यापीठांत दीर्घकाळ सक्तीचा होता. १९९५ मध्ये घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायमंडळाने आपल्या ३८० क्रमांकाच्या निर्णयात सांगितले की, राज्यघटनेने दिलेल्या अध्यापनस्वातंत्र्यात अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्यही येते. कायद्याचा आधार नसताना शिक्षण मंत्रालयाने सर्व विद्यापीठांवर समान सक्तीचे विषय लादणे घटनेशी विसंगत आहे. तीनच वर्षांनी विद्यापीठांत लष्करी शिक्षणाचे कार्यालय असलेच पाहिजे, ही अटही त्याच मंडळाने रद्द ठरवली. राष्ट्राची तत्त्वे शिकवण्याची सक्ती राष्ट्राच्याच राज्यघटनेच्या आधारे मोडली जावी, यापेक्षा चांगला नागरिकशास्त्राचा पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल?

मलेशियातील वाद

राष्ट्र अनेक वंशांचे, धर्मांचे असेल तर अस्मितेचे पाठ्यपुस्तक लिहिणे किती नाजूक असते, हे मलेशियाच्या अनुभवावरून कळते. १३ मे १९६९ रोजी, सार्वत्रिक निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी, क्वालालंपूरमध्ये मलाय आणि चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. तिच्यातून सावरताना १९७० मध्ये राष्ट्राची पाच तत्त्वे जाहीर झाली. पुढे विद्यापीठांत वांशिक संबंध हा विषय आणण्याचे ठरले. हेतू स्तुत्य होता. वेगवेगळ्या समाजांतले तरुण एका वर्गात बसतील आणि एकमेकांविषयी शिकतील.

२००६ मध्ये पुत्रा मलेशिया विद्यापीठात या विषयासाठी वापरलेले पुस्तक गाजले ते भलत्याच कारणाने. १९६९ च्या दंगलीचा दोष त्यात एका विरोधी पक्षाच्या माथी मारला होता आणि २००१ मध्ये क्वालालंपूरजवळच्या कामपुंग मेदान भागात झालेल्या हिंसाचाराचा दोष भारतीय वंशाच्या तरुणांवर टाकला होता. सलोखा शिकवणाऱ्या पुस्तकानेच आरोपपत्र दाखल केले, अशी गत झाली. गदारोळानंतर मंत्रिमंडळाने ते पुस्तक मागे घेतले आणि मानवशास्त्रज्ञ शमसुल अमरी बहारुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली नवी अभ्याससामग्री तयार करण्यात आली. तिचा भर कोण चुकले यापेक्षा एकत्र राहण्याच्या व्यवस्था कशा घडल्या यावर होता.

दोन्ही वाटांना मर्यादा आहेत. दोष वाटला की वर्गातले काही विद्यार्थी आरोपी ठरतात. दोषाचा विषयच टाळला तर ज्यांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी आहेत त्यांना पुस्तक खोटे वाटू लागते. दंगली, फाळणी किंवा यादवी यांच्या आठवणी असलेल्या प्रत्येक देशातल्या शिक्षकाला ही अडचण येते. काही शिक्षक एकाच घटनेच्या परस्परविरोधी साधनांचे वाचन घेतात : सरकारी अहवाल, दोन्ही बाजूंची वृत्तपत्रे, प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी. निष्कर्ष विद्यार्थ्यांवर सोपवतात. याला वेळ लागतो आणि वर्ग लहान असावा लागतो. सक्तीच्या विषयांच्या वाट्याला नेमक्या याच दोन गोष्टी सहसा येत नाहीत.

वर्गाबाहेरचे शिक्षण

अनेक देशांनी ही जबाबदारी सेवेवर सोपवली. भारतात गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. नायजेरियाचा प्रयोग अधिक धाडसी होता. बियाफ्रा प्रदेशाच्या फुटून निघण्यावरून पेटलेले यादवी युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपले आणि १९७३ मध्ये तिथे राष्ट्रीय युवा सेवा आली. तिशीच्या आतल्या पदवीधराने एक वर्ष सेवा करायची, तीही सहसा स्वतःच्या राज्याबाहेर, हा तिचा नियम. ज्या प्रदेशाशी काल युद्ध झाले तिथल्या शाळेत जाऊन शिकवणे हे कोणत्याही पेपरपेक्षा खडतर शिक्षण आहे.

संस्थेचे स्वतःचे वागणेही विद्यार्थी शिकत असतात. १९४९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने अध्यापकांकडून साम्यवादविरोधी निष्ठेची शपथ मागितली. नकार देणाऱ्या ३१ जणांना पुढच्या वर्षी काढून टाकले. १९५२ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. केप टाउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स यांच्या आवारातील पुतळ्यावरून आंदोलन उभारले. महिन्याभरात, ९ एप्रिल रोजी, तो हटवला गेला. राष्ट्राच्या स्मृतीत कोणाला मानाची जागा द्यायची, हा प्रश्न त्यांनी व्याख्यानाची वाट न पाहता सोडवायला घेतला होता. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका न घेणारे विद्यापीठ लोकशाहीचा पेपर घेते तेव्हा त्यातली विसंगती विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

अध्यापनाची तत्त्वे

या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी सूत्र जर्मनीतून आले. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख गावी राजकीय शिक्षणावर परिषद झाली. उजव्या आणि डाव्या विचारांच्या अभ्यासकांत टोकाचे मतभेद होते, तरी तीन गोष्टींवर एकमत झाले. विद्यार्थ्यावर मत लादून त्याचा विचार दाबायचा नाही. समाजात आणि विद्याशाखेत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हितसंबंध ओळखून राजकारणात भाग घेता येईल इतके सक्षम करायचे. नाझी काळात विद्यापीठांनी घातलेल्या लोटांगणाची आठवण या एकमतामागे होती. वंश वा भाषेऐवजी लोकशाही राज्यघटनेवरील निष्ठा हाच राष्ट्राचा बंध मानावा, ही घटनानिष्ठ देशभक्तीची कल्पनाही तिथलीच. डोल्फ श्टेर्नबेर्गर यांनी ती मांडली आणि युर्गेन हाबरमास यांनी ती पुढे नेली. ती कोरडी आहे, घटनेसाठी कोणाचे डोळे पाणावत नाहीत, असा तिच्यावर आक्षेप आहे. तो पूर्णपणे खरा नाही.

चांगला नागरिक कोणाला म्हणायचे यावरही एकमत नाही. शिक्षणाचे अभ्यासक जोएल वेस्टहायमर आणि जोसेफ काहने यांनी २००४ मध्ये तीन प्रतिमा वेगळ्या केल्या. भुकेल्यांसाठी धान्य गोळा होत असेल तर जबाबदार नागरिक धान्य देतो, सहभागी नागरिक ती मोहीम उभारतो आणि न्यायाचा विचार करणारा नागरिक लोक उपाशी का आहेत असे विचारतो. बहुतेक सक्तीचे अभ्यासक्रम पहिल्यावर थांबतात, सेवायोजना दुसऱ्यापर्यंत नेतात. तिसरा तयार होऊ लागला की आराखडे आखणारे अस्वस्थ होतात.

परिणाम

अशा विषयांनी काही साधते का? राज्यशास्त्रज्ञ केनेथ लँग्टन आणि केंट जेनिंग्ज यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागरिकशास्त्राचा परिणाम नगण्य दिसला, कारण शिकवले जाणारे बहुतेक मुलांना आधीच ठाऊक होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत मात्र परिणाम जाणवला. ऐकलेलेच पुन्हा ऐकवले तर फरक पडत नाही, हा त्यातला बोध विद्यापीठाला अधिकच लागू आहे. उलट बाजूचा पुरावा चीनमधून आला. तिथे माध्यमिक शाळांची नवी पाठ्यपुस्तके वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वर्षी लागू झाली होती. संशोधकांनी पेकिंग विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मतांची तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्या पुस्तकांतून शिकलेल्यांचे शासनव्यवस्थेविषयीचे मत अधिक अनुकूल आढळले आणि मुक्त बाजाराविषयी ते अधिक साशंक होते. वागण्यात मात्र तितका स्पष्ट फरक नव्हता. म्हणजे पाठ्यपुस्तके मते घडवू शकतात, पण हे काम विद्यापीठाच्या आधीच झालेले असते.

उरलेसुरले नुकसान परीक्षापद्धती करते. पासापुरते गुण, वस्तुनिष्ठ प्रश्न, मुख्य विषयाच्या प्राध्यापकाकडे उरलेले तास म्हणून ढकललेले अध्यापन, शेवटच्या आठवड्यात वाचली जाणारी तयार उत्तरे, अशा मार्गाने राज्यघटनेचा विषय चार-पाच कलमांच्या क्रमांकांवर येतो. जिथे स्थानिक प्रश्नावर माहिती अधिकाराचा अर्ज, जनसुनावणीतील निवेदन किंवा अंदाजपत्रकाचे वाचन असे प्रकल्प दिले जातात तिथे तोच विषय जिवंत राहतो, मात्र तपासणाऱ्याचे काम वाढते.

परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढल्यापासून एक नवाच प्रश्न पुढे आला आहे. मलेशियाने २०१३ च्या सुमारास देशी विद्यार्थ्यांसाठी वांशिक संबंध आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी मलाय भाषा व मलेशियाचा परिचय अशी वेगळी विभागणी केली. अन्यत्र बहुतेक ठिकाणी दोघे एकाच बाकावर बसून एका देशाच्या नागरिकांची कर्तव्ये ऐकतात. स्थलांतरितांची मुले, दुहेरी नागरिकत्व असलेले आणि निर्वासितही त्याच वर्गात असतात. ‘आपला देश’ म्हणून सुरू होणारे वाक्य यांतल्या किती जणांना उद्देशून असते, याचे उत्तर सध्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांत दिलेले नाही.