रिअल-टाइम प्रणालीत समांतर प्रोसेसर बसवायचाय? प्रस्तावासोबत काय जोडाल

प्रोसेसर बदलाचे प्रस्ताव तांत्रिक समितीकडून परत येतात ते बहुधा एकाच कारणाने: अर्जदार सरासरी वेग दाखवतो आणि समिती विचारते, सर्वांत वाईट वेळ किती?

पात्रता इथेच ठरते, कारण रिअल-टाइम प्रणालीत उत्तर ठरलेल्या मुदतीत यावंच लागतं. समजा, नियंत्रणाचं एक आवर्तन १ मिलिसेकंदात संपायला हवं. एक प्रोसेसर ते एरवी ०.२ मिलिसेकंदात उरकतो, पण लाखात एकदा १.३ घेतो. दुसरा कायम ०.७ च्या आसपास. पात्र दुसराच, पहिला कितीही चपळ असला तरी.

अर्जापूर्वी कामाचा किती भाग खरोखर समांतर होतो ते मोजा. १० टक्के भाग एकापाठोपाठच चालणार असेल, तर कितीही कोर (प्रोसेसरमधली स्वतंत्र गणना-एककं) लावा, वेग १० पटींपलीकडे जात नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच हे दाखवलं होतं. तरी ६४ कोरचा हट्ट धरणारे भेटतातच.

तुलनेच्या तक्त्यात जीपीयूसमोर (मूळचा चित्रांसाठीचा, असंख्य छोट्या गणना एकदम करणारा प्रोसेसर) डेटा नेण्या-आणण्याचा वेळही धरा. एफपीजीएचा (आतली सर्किट-रचना आपणच ठरवतो अशी चिप) वेळ क्लॉकच्या ठोक्यापर्यंत सांगता येतो, मात्र रचना लिहून तपासण्यात महिने जातात. मल्टिकोर सीपीयूवर जुना कोड फारशी मोडतोड न करता चालतो. घोळ होतो तो कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) आणि मेमरी बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) सामायिक असल्याने: शेजारच्या कोरवरचं काम तुमचा वेळ खातं. विमानांसाठी तर अशा हस्तक्षेपाच्या वाटा शोधून त्यांचा बंदोबस्त दाखवावा लागतो; युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेच्या ‘एएमसी २०-१९३’ या मार्गदर्शिकेत (२०२२) तेच अपेक्षित आहे.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाची वेळमापनाची नोंद. ती सगळे कोर भाराखाली ठेवून, काही तास सलग घेतलेली असावी. रिकाम्या मशीनवरचा आलेख जोडूच नका. कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) नेमकी आवृत्ती लिहा, कारण प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम कामाजोगं करणारी सोय, मूळ लिनक्समध्ये २०२४ साली, ६.१२ पासून आलं. त्याआधी त्यासाठीचा पॅच (कोडमधली जोड-दुरुस्ती) वेगळा लावावा लागे. बायॉसमधली (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरमधली) वीजबचत चालू होती की बंद, हेही नोंदवा. फर्मवेअरचे काही व्यत्यय ऑपरेटिंग सिस्टीमच्या नकळत येऊन जातात आणि आलेखावर उगाच एक सुळका दिसतो. शिवाय उत्पादकाची ज्ञात दोषांची यादी आणि पुरवठा किती वर्षं चालेल याचं पत्र.

जुन्या प्रणालीचं मापन आधी घ्या, ती काढल्यावर तुलनेला काही उरत नाही. मंजुरीपूर्वी नवा प्रोसेसर जुन्याच्या बरोबरीने चालवतात: इनपुट दोघांना, आदेश मात्र जुन्याचाच.