पांढरी पेशी आणि प्लेटलेट: शंभर वर्षं लांबलेली ओळख

पावसाळा उतरणीला लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डेंग्यूच्या रुग्णाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेशी किती झाल्या?" विचारणाऱ्याला रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेट हव्या असतात, सांगणारा बऱ्याचदा "पांढऱ्या पेशी उतरल्यात" म्हणून मोकळा होतो. रिपोर्टावर दोघींचे रकाने वेगळे आहेत. पण अंगात दाह, म्हणजे सूज आणि ठणका, सुरू झाला की या दोन पेशी खरोखरच एकमेकींना चिकटतात. हे चिकटणं एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. त्याचा अर्थ लागायला मात्र शतक गेलं.

१८६७ साली जर्मनीत युलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला आणि दाह कसा घडतो ते पाहिलं. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कडेला येतात, रेंगाळतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडतात. ऊसतोडीत कोयता लागलेला पाय दोन-तीन दिवसांनी ठणकायला लागतो आणि त्यातून पू येतो, तो पू म्हणजे मुख्यतः याच पेशी. प्लेटलेट तेव्हा काहींना दिसल्या होत्या, पण त्यांना कुणी फारसं मोजत नव्हतं. रक्तवाहिनीतली पांढरी गुठळी पांढऱ्या पेशींचीच असते, असाच समज होता.

१८८२ मध्ये इटलीतल्या तुरिनमध्ये जुलिओ बिझोझेरो यांनी तो मोडून काढला. जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिनीला इजा केली की आधी प्लेटलेट येऊन चिकटतात आणि पांढऱ्या पेशी मागाहून त्यांच्यात अडकतात, हे त्यांनी दाखवलं. गंमत अशी की त्याच वर्षी, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला मेसिना इथे एली मेचनिकॉफ तारामाशाच्या अळीत काटा खुपसून त्याभोवती जमणाऱ्या भटक्या पेशी बघत होते. एकाच्या हाती रक्त गोठण्याचं सूत्र लागलं, दुसऱ्याच्या हाती रोगप्रतिकाराचं. माझ्या मते घोटाळा इथूनच सुरू झाला. प्लेटलेट गुठळ्यांच्या तज्ज्ञांकडे गेल्या, पांढऱ्या पेशी जंतूंच्या तज्ज्ञांकडे. बिझोझेरोंना दोघी एकत्र दिसल्या होत्या, हे कुणाच्याच खात्यात जमा झालं नाही.

कोडं उलगडलं ते गुठळीवाल्यांच्या बाजूने. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन गटांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फक्त उत्तेजित प्लेटलेटच्या पृष्ठभागावर उगवणारं एक प्रथिन सापडलं. आज त्याला पी-सिलेक्टिन म्हणतात. शांत प्लेटलेटमध्ये ते आतल्या बारीक कणांच्या आवरणात दडलेलं असतं. थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमचा स्पर्श झाला की हे कण पृष्ठभागाशी एकरूप होतात आणि काही मिनिटांत प्रथिन बाहेर येतं. त्यानेच प्लेटलेट पांढऱ्या पेशीला धरते, हे १९८९ मध्ये सिद्ध झालं. पांढऱ्या पेशीवरचा जोडीदार, पीएसजीएल-१, १९९३ मध्ये हाती लागला. ही पहिली पकड सैल असते, क्षणात सुटते, पुन्हा लागते. पण तेवढ्यात पांढऱ्या पेशीला इशारा मिळतो, तिच्यावरचं मॅक-१ नावाचं प्रथिन जागं होतं आणि प्लेटलेटला पक्कं धरतं. पेशी मोनोसाइट या जातीची असेल तर ती रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टरही बनवू लागते. म्हणजे दाहातून गुठळी आणि गुठळीतून पुन्हा दाह.

या गोष्टीत मुंबईही येते. पी-सिलेक्टिन ज्या साखरसाखळीला धरतं, तिच्यात फ्यूकोज ही साखर लागते. १९९२ मध्ये दोन मुलांची नोंद झाली: वारंवार जंतुसंसर्ग, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण संसर्गाच्या जागी पू नाही. शरीराला फ्यूकोज नीट वापरताच येत नव्हती. दोघांचा रक्तगट निघाला बॉम्बे, म्हणजे १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला, ज्यासाठी आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून आवाहनं फिरतात तोच. बॉम्बे गटाच्या नेहमीच्या माणसांनी घाबरायचं कारण नाही. त्यांचा दोष एका ठरावीक एन्झाइमपुरता असतो, पांढऱ्या पेशी ठणठणीत असतात.

आता प्रयोगशाळेतली जांभळ्या टोपणाची नळी बघू. तिच्यात ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि रक्त गोठत नाही. पण पी-सिलेक्टिनची पकड कॅल्शियमवरच टिकते, त्यामुळे अंगात जुळलेल्या जोड्या या नळीत सुटू लागतात. उलट काही मोजक्या लोकांच्या रक्तात याच नळीत प्लेटलेट पांढऱ्या पेशीभोवती कडं करून बसतात. बेळगावचं जेएनएमसी हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्याच वर्षी, १९६३ मध्ये, याचं वर्णन छापून आलं. यंत्राला ते कडं ओळखता येत नाही. ते काउंट कमी दाखवतं आणि घरचे हवालदिल होतात. जाणकार तंत्रज्ञ स्लाइड बघतो, कडी दिसली की निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्यायला सांगतो. अंगावर रक्तस्रावाची काहीच खूण नसताना काउंट अचानक कोसळला, तर स्लाइड पाहिली का, असं विचारायला हरकत नाही.

खऱ्या जोड्या मोजायच्या तर ताजं रक्त आणि एकेक पेशी तपासणारं फ्लो सायटोमीटर हे यंत्र लागतं, म्हणून नेहमीच्या रिपोर्टात त्या येत नाहीत. संशोधनात मात्र त्या हृदयविकाराच्या झटक्यात, डेंग्यूत आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात वाढलेल्या दिसल्या आहेत. तंबाखू आणि विडीवर पोसलेल्या निपाणी भागाने यातली शेवटची नोंद तरी नीट वाचावी. ही पकड सोडवायचं औषधही आलं: पी-सिलेक्टिनला अडवणारं क्रिझानलिझुमॅब. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या असह्य वेदनांसाठी अमेरिकेने २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते औषधासारख्याच दिसणाऱ्या बनावट उपचारापेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२३ मध्ये युरोपने आपली मान्यता काढून घेतली.