खरा हुशार माणूस एकट्याच्या जोरावर पुढे जातो?

‘खरा हुशार माणूस कुणाच्याही मदतीशिवाय पुढे जातो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मेहनत लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण अमेरिकेत शेअर बाजारातल्या नावाजलेल्या विश्लेषकांचा अभ्यास झाला, तेव्हा कंपनी बदलताच अनेकांची कामगिरी घसरलेली दिसली; सहकाऱ्यांना सोबत घेऊन गेलेल्यांची तेवढी घसरली नाही. हुशारी तर तीच होती!

पडताळा घरीच घ्या. गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी फोंड्याची बाई अंधारातच घर सोडते. मुलाचा डबा कोण भरतं, त्याला शाळेत कोण सोडतं? अडचणीला पाळी कोण बदलून देतं? आठवडाभर अशी नावं लिहा, मग त्यातलं एक माणूस नसेल त्या दिवशीचं काम बघा.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे आहे का, बिनधास्त विचारा.