श्वसनमार्गातील जीवाणूंचे आसंजन

नाक, घसा, श्वासनाल व श्वासनलिका यांच्या अस्तरपेशींना जीवाणू चिकटून राहण्याच्या क्रियेस आसंजन म्हणतात. जीवाणूच्या पृष्ठावरील ज्या रेणूंमुळे हे घडते ते आसंजक, तर पेशीवरील त्यांना जुळणारे रेणू ग्राही होत.

निरोगी श्वासनालेत पेशीपर्यंत पोचणेच अवघड असते. सुमारे ७ मायक्रोमीटर लांबीच्या पक्ष्माभिका (पेशींवरील केसांसारखे हलणारे तंतू) सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलून श्लेष्मा (चिकट स्राव) घशाकडे ढकलतात व त्यात अडकलेले जीवाणू बहुधा गिळले जातात. म्हणूनच विषाणुसंसर्गाने अस्तर सोलवटले की आसंजन वाढते. इन्फ्लुएंझा विषाणूचे न्यूरामिनिडेझ हे एंझाइम पेशीवरील शर्करासाखळ्यांच्या टोकाचे सियालिक अम्ल तोडते आणि न्यूमोकॉकसला (न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जीवाणूला) आतल्या शर्करा मोकळ्या मिळतात. न्यूमोकॉकसला स्वतःचे जाड संपुटही (जीवाणूभोवतीचे बाह्य आवरण) आड येते. पातळ संपुटाचे पारदर्शक रूप घशात चांगले चिकटते, जाड संपुटाचे अपारदर्शक रूप रक्तात टिकते. एकच वाण (जीवाणूचा उपप्रकार) या दोन रूपांत अदलाबदल करू शकतो.

स्यूडोमोनस एरुजिनोझा या फुप्फुसाला संसर्ग करणाऱ्या जीवाणूच्या ग्राहीविषयी मतभेद आहेत. १९८८ मध्ये फुप्फुसाचे अनेक रोगजंतू ग्लायकोलिपिडांतील (शर्करा जोडलेल्या मेदरेणूंतील) एका विशिष्ट द्विशर्करेला चिकटतात असे दाखवण्यात आले. तेव्हापासून ही द्विशर्करा असलेले अ‍ॅसियालो-जीएम-१ हेच स्यूडोमोनसच्या केसलांचे (पिलाय; जीवाणूवरील केसांसारखे तंतू) ग्राही, असे बराच काळ मानले गेले. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट श्लेष्मा साचणाऱ्या आनुवंशिक रोगात ते पेशींवर अधिक आढळते, असेही त्याच्या पुष्ट्यर्थ सांगण्यात आले. मात्र २००१ मध्ये रुग्णांपासून मिळवलेले वाण त्याला चिकटत नसल्याचे निदर्शनास आले. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सदोष असणारे सीएफटीआर प्रथिनच निरोगी पेशींवर ग्राहीचे काम करते व त्यायोगे जीवाणू पेशीत ओढला जाऊन नष्ट होतो, असा दुसरा पक्ष आहे. २००२ मधील निरीक्षणांनुसार अशा रुग्णांच्या फुप्फुसांत जीवाणूंचे पुंजके पेशींवर नव्हे, तर ऑक्सिजन कमी असलेल्या घट्ट श्लेष्म्यात वाढतात. निदान दीर्घकालीन संसर्गापुरते हे मत अधिक ग्राह्य वाटते. आसंजनाचे महत्त्व सुरुवातीच्या टप्प्यात असावे.

मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई या भित्तिहीन जीवाणूच्या निमुळत्या टोकावर पी-१ हे आसंजक एकवटलेले असते. त्याच टोकाने तो पेशीवर सरकतोही. डांग्या खोकल्याचा बोर्डेटेला पर्ट्युसिस प्रामुख्याने पक्ष्माभिकायुक्त पेशींनाच धरतो. तंतुमय हीमॅग्लुटिनिन, फिंब्रिया (पृष्ठावरील बारीक तंतू) व पर्टॅक्टिन ही त्याची आसंजके अनेक अकोशिकीय लसींत (अख्खा जीवाणू न वापरता त्याचे निवडक घटक असलेल्या लसींत) घटक म्हणून वापरतात. अशा लसी रूढ असलेल्या काही देशांत पर्टॅक्टिन नसलेले वाण आढळू लागले असून तेही रोग निर्माण करतात.