भंडारदऱ्याचं पाणी: अकरा टीएमसी आणि वाढते दावेदार

जुलै-ऑगस्टात नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) पेपरांत एक बातमी हमखास असते: भंडारदरा धरण किती भरलं. पाऊस घाटघर-रतनवाडीकडे पडतो आणि बातमीची वाट श्रीरामपूर-राहुरीत पाहिली जाते.

प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरातला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस, आणि काही तासांच्या अंतरावर संगमनेरपासून पुढे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा. प्रवरेवर ओझरचा बंधारा आणि कालवा एकोणिसाव्या शतकातच झाले होते. पण साठा नव्हता. नदी आटली की कालवाही आटायचा, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. १८९९-१९००च्या दुष्काळाने ही उणीव उघडी पाडली, आणि वर डोंगरात पाणी अडवायची गरज पटली.

भंडारदऱ्याला धरणाचं दगड-चुन्याचं बांधकाम १९१०मध्ये सुरू झालं, ते १९२६पर्यंत चाललं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी (अब्ज घनफूट). त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होई. डिसेंबर १९२६मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून भिंत ‘विल्सन डॅम’; जलाशयाचं नाव ‘आर्थर लेक’. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र दोन्ही भंडारदराच. पुढे १९६९मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती वाढली, तेव्हा खालच्या अंगाने आधारभिंती बांधून तिला बळकटी दिली गेली.

इथली योजना साधी आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं, रंधा धबधब्यावरून उतरतं, ओझरला अडतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. पर्यटक धरणाच्या पायथ्याशी मोरीतून सुटलेलं पाणी गोल खडकावर छत्रीसारखं पसरताना पाहायला गर्दी करतात. ते आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी असतं, कुणाच्या तरी चारीत जायला निघालेलं.

दुष्काळावरचा उतारा म्हणून आणलेलं हे पाणी लवकरच उसाकडे वळलं. बारमाही पाण्याची हमी मिळाली की शेतकरी बाजरी-ज्वारीवर थांबेल कशाला? आधी खासगी साखर कारखाने आले. मग १९५०मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. सहकाराचं कौतुक जरूर करावं, पण त्या साखरेची निम्मी कहाणी धरणाच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात आहे, हे कौतुकाच्या ओघात राहून जातं. धरणाभोवतीच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. त्यांची शेतं कालव्यांपेक्षा उंचावर, आणि पाणी आपोआप वर चढत नाही.

सत्तरच्या दशकापासून खालच्या अंगाला दुसऱ्या धरणाचा विचार सुरू झाला. जागा बदलली, पुनर्वसन रखडलं, खर्च वाढत गेला. शेवटी निळवंडे झालं, सुमारे ८.३ टीएमसीचं. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २६ ऑक्टोबर २०२३ला झालं. अकोले तालुक्यातल्या लोकांनी उच्चस्तरीय, म्हणजे उंचावरून जाणाऱ्या कालव्यांसाठी जोर लावला, तो याच प्रकल्पात.

दरम्यान तिसरा दावेदार आला होता. प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीत जातं. १९७६मध्ये लोकार्पण झालेलं जायकवाडी मराठवाड्याचा मोठा आधार. संभाजीनगर-जालन्याचं पिण्याचं पाणीही तिथूनच. जायकवाडी भरत नाही, कारण वर धरणं बांधत गेले, ही मराठवाड्याची तक्रार. आमचं धरण शंभर वर्षांपूर्वीचं, हे नगरचं उत्तर. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्वांना समन्यायी वाटप सांगितलं. जुनेपणाचा मुद्दा त्यापुढे तोकडा पडतो. ते मला योग्य वाटतं, जरी प्रवराकाठी तसं बोलणं सोपं नाही.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. त्यातले ३.३६ प्रवरेवरच्या धरणांचे, निळवंड्यातून सुटणारे. अशा वेळी नदीकाठच्या मोटारींची वीज बंद करतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. नाहीतर पाणी वाटेतच जिरतं किंवा उचललं जातं.